पूर्णविरामानंतर दोन जागा

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात, पापडाच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर अकरा बायका दिवसभर वस्तूंची वर्णनं लिहायच्या. त्यातल्या निम्म्या वस्तू त्यांनी आयुष्यात वापरल्या नव्हत्या. दिल्लीकडच्या एका कंपनीने इंटरनेटवर दुकान थाटलं होतं. त्याला ना काउंटर, ना फळी. गिऱ्हाइकाला वस्तू उलटसुलट करून बघायची सोय नाही, म्हणजे जे लिहिलं असेल तीच वस्तू. ते लिहिण्याचं काम दिपेशने मिळवलं होतं. हा दिपेश मूळचा वांगणीचा. घरची जमीन बिल्डरला गेली तेव्हा इतरांनी गाड्या घेतल्या, याने कॉम्प्युटर घेतले, एवढं त्याचं कौतुक करायला हरकत नाही.

कंपनीने सॉफ्टवेअर दिलं होतं. त्यात प्रत्येक वस्तूचं एक पान, आणि पानावर चाळीस रकाने. रंग कोणता, वजन किती, कशाची बनली, कशी वापरावी, काय करू नये. रकाना रिकामा असला की त्याच्यापुढे लाल ठिपका दिसायचा. बायका त्याला टिकली म्हणत. सगळ्या टिकल्या हिरव्या झाल्या की वस्तू दुकानात गेली. रकान्यात लिहिलेलं खरं की खोटं हे त्या सॉफ्टवेअरला कळायचं नाही. भरलेलं आणि रिकामं एवढंच त्याला कळायचं. सरकारी कचेरीतल्या खिडकीसारखंच म्हणा ना.

आता रोजच्या रोज दीडशे वस्तू भरायच्या तर चाळीस रकाने कोण कोऱ्या पाटीवरून लिहीत बसणार? एक बटण होतं. जुन्या वस्तूचं अख्खं पान उचलून नव्या वस्तूवर ठेवायचं आणि मग फरक असेल तेवढा बदलायचा. याला ऑफिसात विरजण लावणं म्हणत. शब्द वेणूकाकीचा. शेजारणीकडून चमचाभर दही आणून आपल्या दुधाला लावतो तसंच हे, असं तिने पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, आणि तेव्हापासून सगळ्याजणी एकमेकींना विचारायच्या, इस्त्रीचं विरजण आहे का गं कोणाकडे.

वेणूकाकी दिपेशची लांबची काकी. वय अठ्ठेचाळीस, दहावी पास, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. इंग्रजी ती खोक्यांवरून शिकली. दोन्ही हातांची एकेक तर्जनी तेवढी चालवायची, कोंबडीने दाणे टिपावेत तशी. पण तिच्या हातून गेलेल्या वस्तूत कोणी चूक काढून दाखवावी. वस्तूचा नमुना टेबलावर आल्याशिवाय ती पान उघडायची नाही, आणि नव्या बायकांना एकच सांगायची, विरजण लावा, पण दही चाखल्याबिगर वाढू नका.

यशोधराला तिनेच शिकवलं. यशोधरा अंबरनाथची, शिवमंदिराच्या अलीकडच्या वस्तीतली, सव्वीस वर्षांची. तिचे वडील शिवराम शस्त्रांच्या कारखान्यात एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले होते. तिथे तपासलेल्या प्रत्येक भागावर कामगाराच्या नंबराचा शिक्का बसायचा. ज्याचं काम त्याचा शिक्का, हे त्यांचं पालुपद. माझ्या नंबराचा एकही नग परत आला नाही, हे ते दर पाहुण्याला चहाबरोबर ऐकवत. लेकीला त्यांनी आधी टायपिंगला घातलं. क्लासचे विष्णुपंत सर जुन्या वळणाचे. पूर्णविरामानंतर दोनदा स्पेसबार, नाहीतर मार्क गेला. यशोधराच्या अंगठ्यात ते असं मुरलं की टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, तरी दोन वाक्यांमध्ये तिच्या दोन रिकाम्या जागा पडतच. दुकानाच्या पानावर त्या दोनांची एकच दिसायची, पण सॉफ्टवेअरमधून पानाची आतली प्रत छापली की दोन्ही तशाच उतरायच्या. वेणूकाकी चेष्टा करायची, तुझ्या दोन वाक्यांमदी भाकर ठेवावी एवढी जागा असते. यशोधरा हसायची. आई गेल्यापासून तिला असं चिडवणारं घरात कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे ते तिला फार आवडायचं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सॉफ्टवेअरमध्ये शिरायला नाव लागायचं, आणि कंपनीने नावं दिली होती सहा. बायका अकरा. मग दुपारच्या पाळीतल्या बायका सकाळच्या बायकांच्या नावावर बसत. एक वाजता वेणूकाकी डबा उचलून वांगणीला निघाली की यशोधरा तिच्या खुर्चीत बसायची, तिच्याच नावावर. आज मी काकीच्या नावावर, असं बिनदिक्कत म्हटलं जायचं. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. चप्पल घालून जावी तसं नाव घालून काम करायचं.

दोन हजार आठ सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. पाणी तापवायच्या सळीचा नमुना आला, बादलीत सोडायची ती सळी. खोकं नाही, माहितीपत्रक नाही, नुसती सळी वर्तमानपत्रात गुंडाळलेली. तीन वाजता भारनियमन सुरू व्हायचं, आणि घड्याळात तीनला दहा कमी होते. दिपेशने दारातून दोनदा सांगितलं होतं की आजच्या सगळ्या टिकल्या हिरव्या व्हायलाच पाहिजेत, थंडीचा माल आहे. यशोधराने एका महागड्या सळीचं पान उचललं, नवीवर ठेवलं. नाव बदललं, लांबी बदलली, वजन बदललं. वर्णनाची चार वाक्यं स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहिली, कारण तशीच्या तशी उचललेली वाक्यं कंपनीला चालत नसत. पाणी कमी झाल्यावर आपोआप बंद होते का, या रकान्यात ‘होय’ होतं. ते महागड्या सळीचं होतं. या सळीला तसलं काही आहे का, असा विचार तिच्या मनात आला, हे खरं आहे. वर्णनात तिने तेच एक वाक्य करून लिहिलं आणि उद्या काकीला दाखवू असं ठरवलं. टिकल्या हिरव्या झाल्या आणि वीज गेली. दुसऱ्या दिवशी नमुना परत गेला होता, आणि टेबलावर चाळीस पंख्यांचा ढीग होता.

फेब्रुवारीत कंपनीचं पत्र आलं. दिपेशने सगळ्यांना काम थांबवायला सांगितलं. पत्राला जोडून मिरजेच्या एका बाईने हाताने लिहिलेली दोन पानं होती, ती त्याने मोठ्याने वाचली. तिची सासू बनूबाई, वय एकाहत्तर, अंथरुणाला खिळलेली. सून मुलाला शाळेत सोडायला निघाली. सासूला अंघोळ घालायची म्हणून तिने प्लास्टिकच्या बादलीत सळी लावली आणि बाहेरून कडी घातली. वाटेत दुसऱ्या एका मुलाच्या आईने बोलण्यात गुंतवलं. पण सळी आपोआप बंद होते हे तुमच्या पानावर मी स्वतः वाचलं होतं, दोनदा वाचलं होतं, असं तिने लिहिलं होतं. पाणी आटलं, बादली वितळून पेटली, शेजारच्या गादीने पेट घेतला. शेजाऱ्यांनी दार उघडेपर्यंत सगळं झालेलं होतं. शेवटी तिने एवढंच विचारलं होतं, की हे पान लिहिणाऱ्याने ती सळी बघितली तरी होती का.

खालून पापड भाजल्याचा वास येत होता.

कंपनीला पान भरणाऱ्याचं नाव आणि लेखी खुलासा हवा होता, मिरजेच्या पोलिसांना पाठवायला. दिपेशने पानाची आतली प्रत काढली. खाली छापलं होतं, शेवटचा बदल करणार, वेणू. तारीख होती. वेळ नव्हती.

यशोधराला सळी हा शब्द ऐकल्याबरोबर सगळं आठवलं होतं. वर्तमानपत्र, तीनला दहा कमी, तो ‘होय’. तिने तोंड उघडलं. तेवढ्यात दिपेश म्हणाला की मामला पोलिसात गेलेला आहे, ज्याचं नाव जाईल त्याला मिरजेला खेपा घालाव्या लागतील, कदाचित केस उभी राहील. तिचं तोंड मिटलं. मे महिन्यात तिचं लग्न होतं. राजरत्न, बदलापूरचा, पोस्टात लागलेला. त्याचे आईवडील दोनच आठवड्यांपूर्वी घरी येऊन साखरपुडा करून गेले होते. पोलिसात नाव गेलेली सून कोण करून घेईल, हा विचार तिच्या डोक्यात इतक्या लवकर आला की तिची तिलाच लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून तोंड काही उघडलं नाही.

वेणूकाकी उठून उभी राहिली. आठवतंय का, असं दिपेशने विचारलं. तीन महिन्यांपूर्वीची वस्तू, त्यानंतर हातून गेलेली हजारो पानं, कोणाला काय आठवणार.

“आठवत नाय,” ती म्हणाली. “पन माझा नाव हाय, म्हंजे माझाच काम असंल.”

उद्या सांगू, असं यशोधराने ठरवलं. चोरालाही उद्याच सज्जन व्हायचं असतं. तो उद्या सोळा दिवस चालला.

वेणूकाकीने त्या सोळा दिवसांत आरडाओरडा केला नाही, ती रडलीही नाही. ती कामावर येत राहिली. फक्त डबा उघडायची आणि भाकरी दुसऱ्यांच्या झाकणावर ठेवायची. टाइप करताना तिच्या तर्जन्या अक्षरांवर थांबू लागल्या. एकेका रकान्यासाठी ती नमुना चारचारदा हातात घ्यायची, दिव्याजवळ नेऊन बघायची, आणि तरी टिकली हिरवी झाली की तिला खरं वाटायचं नाही. दुपारी एकला ती खुर्ची सोडेना. यशोधरा मागे उभी राहून वाट बघायची, आणि त्या पाठीकडे बघवायचं नाही म्हणून खिडकीबाहेर बघायची.

एकदा जिन्यात गाठून काकीने तिला हळूच विचारलं, “म्हातारीला ओरडता येत होता का गं? पत्रात काय लिवलंय?”

पत्रात ते नव्हतं. यशोधराने माहीत नाही म्हणून सांगितलं. काकीने मान हलवली, आणि आपण घरी अंघोळीचं पाणीसुद्धा चुलीवर तापवायला लागलो, असं काहीतरी पुटपुटत जिना उतरली. तो क्षण होता. चार पायऱ्या उतरून हात धरला असता तरी पुरलं असतं. यशोधरा तिथेच कठडा धरून उभी राहिली.

घरी शिवराम तिला विचारत, काय गं, जेवत का नाहीस, सासर आत्तापासून डोक्यात शिरलं का. ती हसून वेळ मारून न्यायची. त्यांच्या शिक्क्याची गोष्ट त्या दिवसांत पुन्हा एका पाहुण्यासमोर निघाली, आणि ती चहाचे कप घेऊन आत गेली ती बाहेर आलीच नाही.

सतराव्या दिवशी दिपेशने तिला केबिनमध्ये बोलावलं. कंपनीला जास्त थांबवता येत नव्हतं. खुलासा इंग्रजीत हवा होता, आणि तिचं टायपिंग सगळ्यांत चांगलं. वेणूच्या नावाने लिही, असं त्याने सांगितलं. पान मी भरलं, नमुना न तपासता भरलं, चूक पूर्णपणे माझी, ऑफिसची नाही, मी काम सोडत आहे. मग तो टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिला.

“कोण कोणाच्या नावावर बसलं होतं ते मी विचारणार नाय,” तो म्हणाला. “तूपण सांगू नको. काकी घरातली आहे, ती समजून घेईल. तुझं लग्न आहे ना मेमध्ये?”

म्हणजे त्याला ठाऊक होतं. दुपारच्या पाळीचा तक्ता त्यानेच तर बनवला होता. यशोधराला आधी भीती वाटली, आणि मग सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याबद्दल तिने स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही. तिने जागेवर येऊन अकरा वाक्यं टाइप केली. एकही अक्षर चुकलं नाही.

खुलासा वेणूकाकीला समजावून सांगून तिची सही घ्यायची होती, आणि तेही काम यशोधराकडेच आलं. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका गच्चीवर गेल्या. काकी चष्मा पुसून बसली. यशोधराने दोन कागद तिच्यासमोर ठेवले. एक खुलासा, दुसरा सळीच्या पानाची ती आतली प्रत. आतापर्यंत ही प्रत काकीच्या हातात कोणी दिलीच नव्हती. दिपेशने लांबूनच दाखवून फाइलमध्ये ठेवली होती.

यशोधरा एकेका वाक्याचा अर्थ मराठीत सांगू लागली. काकी ऐकत होती आणि बोटाने ओळीखालून सरकत होती. चौथ्या वाक्याशी बोट थांबलं. पूर्णविरामाच्या पुढच्या मोकळ्या जागेत तिने बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं. मग तिने खुलासा बाजूला सारला, सळीचं पान ओढून घेतलं. त्यावरचं चार वाक्यांचं वर्णन. पहिला पूर्णविराम, पुढे रुंद जागा. दुसरा पूर्णविराम, पुढे तेवढीच जागा. आपोआप बंद होते हे तिसरं वाक्य होतं. तिथेही तिने बोट टेकवून बघितलं.

यशोधरा मध्येच थांबली होती. पंखा चालू होता, कागदाची कड फडफडत होती. काकीने ती दुसऱ्या हाताने दाबून धरली.

मग तिने चष्मा काढला आणि यशोधराकडे बघितलं. रागाने नाही. जिन्यात बघितलं होतं तसंच, काहीतरी विचारायचं असल्यासारखं.

“आनखी काय सांगायचा हाय का तुला?” तिने विचारलं.

यशोधराला सगळं पुन्हा आठवलं. वर्तमानपत्र, तीनला दहा कमी, उद्या दाखवू म्हटलेलं. काकी थांबली. घाई केली नाही तिने. गच्चीवरून बायकांचं हसणं ऐकू येत होतं. खूप वेळ गेला असं यशोधराला पुढे नेहमी वाटायचं, पण मिनिटभरच गेलं असेल.

“नाही,” ती म्हणाली.

काकीने पेन उचललं. खुलाशाच्या खाली, रेघेवर, मराठीत सही केली, वेणू चंदर भोईर, एकेक अक्षर सुटं. शाई वाळेपर्यंत कागद धरून ठेवला. मग खाली वाकून पिशवीतून डबा काढला, उघडला. भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला, चावला, गिळला. सतरा दिवसांत तिला कोणी जेवताना बघितलं नव्हतं. यशोधरा बघत राहिली. काकीने अख्खी भाकरी खाल्ली, भाजीचा रस पुसून खाल्ला, वर तांब्याभर पाणी प्याली.

“मना वाटला, म्हातारी माझ्या हातून गेली,” ती म्हणाली. “रोज डोल्यासमोर यायची. माझा नाव हाय ना, तर माझाच काम, असा धरून बसली मी.” तिने डब्याचं झाकण लावलं. “सही काय, घे. दिपेशला मी ‘नाय’ बोलू शकत नाय, आनि तुझा लगीन हाय. मिरजेला बोलावतील तं जाईन. पन म्हातारी आता माझ्याकडं यायची नाय.”

ती उठली. पिशवी खांद्याला लावली. दारापाशी चप्पल घालताना तिने मागे वळून बघितलं, पण यशोधराकडे नाही, आपल्या खुर्चीकडे.

“ती आता तुझी. तुझा तू बघ.”

जिन्यावरून तिची पावलं उतरताना ऐकू आली, पहिल्यासारखी, हलकी. यशोधराने कागद उचलला. फाडता आला असता. अजून दिपेशने बघितला नव्हता, अजून कुठे काही गेलं नव्हतं. तिने तो केबिनमध्ये नेऊन दिला. दिपेशने सही बघितली, पाकीट बंद केलं, आणि टायपिंग एकदम क्लास आहे असं म्हणाला.

दोनच्या सुमारास बायका खाली आल्या. काकी गेली का, असं कोणीतरी विचारलं, कोणीतरी गेली म्हणालं, आणि सगळ्या आपापल्या जागी बसल्या. यशोधरा काकीच्या खुर्चीत बसली. ते नाव अजून कोणी काढलेलं नव्हतं, ती त्याच नावाने आत शिरली. पुढ्यात एक विजेची किटली होती, आणि समोर चाळीस लाल टिकल्या. तिने किटली हातात घेतली, उलटी केली, तळ बघितला, झाकण उघडून बघितलं. पहिलं वाक्य लिहिलं. पूर्णविराम दिला. आता एकदाच, असं तिने अंगठ्याला बजावलं.

अंगठा दोनदा पडला.